लेचवर्थ: तीन धबधबे आणि सतरा मैलांची दरी एका दिवसात कशी पाहावी

नायगारा बघून झाला, आता उद्या कुठे? आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना घेऊन फिरायला निघालेल्या घरांत हा प्रश्न पडतोच. माझं उत्तर ठरलेलं आहे: लेचवर्थ स्टेट पार्क. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात जेनेसी नदीने कोरलेली ही दरी नायगारापासून गाडीने दीड-पावणेदोन तासांवर आहे. रॉचेस्टरहून साधारण ३५ मैल, बफेलोहून ६०. नदीच्या काठाने १७ मैल पसरलेलं १४,३५० एकरांचं पार्क, काही ठिकाणी ६०० फुटांपर्यंत उंच कडे आणि नदीच्या मुख्य प्रवाहावर तीन मोठे धबधबे. लोक याला पूर्वेचं ग्रँड कॅन्यन म्हणतात. अॅरिझोनातलं ग्रँड कॅन्यन पाहिलेल्यांना ही उपमा जरा मोठी वाटेल. पण तिथे नदी खूप खाली, रेघेएवढी दिसते. इथे ती डोळ्यांसमोर कोसळते आणि तिचे तुषार अंगावर येतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची गडबड होते ती एकाच कारणाने. पार्क लांबलचक आहे आणि आत शिरायला एकापेक्षा जास्त दारं आहेत. जीपीएसवर नुसतं पार्कचं नाव टाकलं की ते नेईल त्या दाराने आपण आत जातो, दिसेल त्या फाट्यावर गाडी थांबवतो, आणि धबधब्यांपाशी पोहोचेपर्यंत दुपार कलायला लागलेली असते. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. पोर्टेजव्हिलच्या बाजूने, म्हणजे दक्षिण टोकाने आत शिरा. सकाळ पूर्ण तीन धबधब्यांना द्या, आणि शक्य असेल तेवढी पायी फिरा. बाकीची दरी दुपारनंतर गाडीतून निवांत होते.

कधी जायचं

पाणी बघायचं असेल तर मार्च-एप्रिल. बर्फ वितळायला लागला की नदी दोन्ही काठ भरून वाहते आणि तिन्ही धबधबे गर्जत असतात. या दिवसांत पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं असतं. मोठ्या पावसानंतर केव्हाही गेलात तरी असंच दिसेल. जेनेसी गाळ घेऊनच वाहते. पानगळीचे रंग बघायचे असतील तर ऑक्टोबरचा मधला आठवडा धरा, पण त्या शनिवार-रविवारी गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा जीव जातो. सुट्टी काढून मंगळवार-बुधवारी जमलं तर तेच करा.

ऑगस्टमध्ये पाणी उतरतं. तेव्हा जाऊच नये असं नाही, मधल्या धबधब्याला तेव्हाही शोभा असते, पण अपेक्षा बेताच्या ठेवा. निघण्याआधी एक गोष्ट जरूर बघा: अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचं नदी मोजण्याचं एक केंद्र पोर्टेजव्हिललाच आहे आणि तिथला ताजा प्रवाह त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही पाहता येतो. आकडा घनफूट प्रति सेकंदात असतो, म्हणजे धरणाच्या बातम्यांत आपण ऐकतो तोच क्यूसेक. शंभर-दोनशे दिसला तर धबधबा कातळावरून धारांनी उतरत असणार. हजारांत दिसला तर रेनकोट आठवणीने घ्या.

हिवाळ्यातही पार्क उघडं असतं, मात्र रस्त्याचा काही भाग आणि बऱ्याच पायऱ्या-पायवाटा बंद ठेवतात. कुठलं दार चालू आहे ते पार्कच्या वेबसाइटवर पाहूनच निघा. थंडी सलग टिकली तर पार्कातल्या ग्लेन आयरिस इन या हॉटेलासमोरच्या कारंज्याचं पाणी उडता उडता गोठतं, थरावर थर चढतो आणि बर्फाचा ज्वालामुखी उभा राहतो. टोकातून पाणी मात्र उसळतच असतं. कडाक्याची थंडी सोसणाऱ्यांनी तेवढ्यासाठीही एक खेप करावी. पण पहिली भेट मे ते ऑक्टोबरमधलीच असू द्या.

निघण्यापूर्वी

दरीत फोनला रेंज धड मिळत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि दोन गाड्या असतील तर भेटण्याची जागा व वेळ घरीच ठरवा. मोसमात प्रत्येक गाडीमागे दिवसाला १० डॉलर प्रवेश फी असते. न्यूयॉर्क राज्यातच राहत असाल आणि वर्षातून बऱ्याचदा अशा पार्कात जात असाल तर एम्पायर पास, म्हणजे राज्याच्या पार्कांचा वर्षाचा पास, काढणं परवडतं.

पायात पकड असलेले बूट हवेत. चपला, सपाट तळाचे सँडल गाडीतच राहू द्या. तुषारांनी दगडी पायऱ्या कायम ओल्या असतात. साडी नेसणाऱ्या आजींना त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस सुचवून बघा, पायऱ्यांवर खूप फरक पडतो. लांब पँट आणि मोजे उन्हाळ्यातही घाला, कारण गवतात टिक्स, म्हणजे गोचीड, असतात. पॉइझन आयव्ही ही अंगाला खाज आणणारी तीन-तीन पानांची वेल मुलांना आधी फोटोत दाखवून ठेवा, म्हणजे ती वाटेत हात लावणार नाहीत. परत आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत टिक नाही ना ते बघायला विसरू नका.

खायचं घरून न्या. आत जेवणाची सोय आहे, पण शाकाहारी माणसाला निवड कमी आणि गर्दीच्या दिवशी थांबावं लागतं. पिकनिकची टेबलं आणि शेगड्या जागोजागी आहेत; कोळसा तुमचा तुम्ही न्यायचा. पाणी भरपूर घ्या.

वरचा धबधबा: सकाळची सुरुवात

पोर्टेजव्हिलच्या दाराने आत आलात की पहिलं ठिकाण वरचा धबधबा, पाट्यांवर अप्पर फॉल्स. गाडी लावून थोडं चाललं की नदी घोड्याच्या नालेसारख्या वाकलेल्या कड्यावरून, सत्तरेक फूट खाली येताना दिसते. तिच्या डोक्यावर रेल्वेचा कमानी पूल आहे.

या पुलाकडे जरा नीट बघा. इथला पहिला पूल १८५२ साली लाकडाचा बांधला होता. १८७५ मध्ये तो जळून गेला आणि त्याच वर्षी काही महिन्यांत लोखंडी पूल उभा राहिला. त्यावरून गाड्या धावल्या त्या थेट २०१७ पर्यंत. मग शेजारी ही पोलादी कमान आली आणि जुना पूल उतरवला. नव्या कमानीचे पाय थेट दोन्ही कड्यांत रोवले आहेत, त्यामुळे नदीपात्रात एकही खांब नाही आणि धबधब्यासमोरचं दृश्य मोकळं झालं. मालगाडी जात असताना तुम्ही खाली असाल तर नशीबवान. पुलावर चढायला मात्र सक्त मनाई आहे.

मधला धबधबा: इथे थांबायचं

वरच्या धबधब्यापासून मधल्यापर्यंत नदीकाठाने दगडी पायवाट आहे, साधारण अर्धा मैल. गाडीनेही जाता येतं, पण ही वाट चालाच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दगडी बांध. पार्कातले असे कितीतरी बांध, पायऱ्या आणि पूल १९३०च्या मंदीत सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी हाताने रचलेले आहेत. दगड असे बसवलेत की ते मुळात तिथलेच वाटतात.

मधला धबधबा १०७ फूट. तिन्हींतला सगळ्यात उंच आणि सगळ्यात देखणा. नदी इथे चांगली रुंद होते आणि पूर्ण रुंदीने एकदम उडी घेते, त्यामुळे तुकडे न पडता अखंड पडदा दिसतो. कठड्याशी उभे राहिलात की आधी आवाज छातीत जाणवतो आणि वारा तुमच्या बाजूने असेल तर मिनिटभरात चष्मा धुरकट होतो. या भागात पूर्वापार राहणारे सेनेका लोक सांगत की हा धबधबा बघायला सूर्यही भर दुपारी क्षणभर थांबतो. थांबत असेल. सकाळच्या उन्हात तुषारांवर इंद्रधनुष्य उमटतं. ते बघायचं तर सूर्य पाठीशी घ्या आणि दोन पावलं इकडेतिकडे सरकून बघा. जागा बदलली की ते दिसेनासं होतं, आणि पुन्हा दिसतं.

शेजारचं पिवळसर घर म्हणजे ग्लेन आयरिस. बफेलोचे उद्योजक विल्यम प्रायर लेचवर्थ यांनी १८५९ मध्ये ही जागा घ्यायला सुरुवात केली तेव्हा आजूबाजूची झाडं लाकडाच्या गिरण्यांनी तोडून नेली होती. त्यांनी जमीन विकत घेत घेत झाडं लावली, वाटा आखल्या आणि हजार एकर उभे केले. पुढे नदीवर वरच्या अंगाला धरण बांधून वीज काढायच्या हालचाली सुरू झाल्या. धबधबे हातचे जातील हे ओळखून १९०६ मध्ये त्यांनी सगळी मालमत्ता राज्याला देऊन टाकली आणि १९१० मध्ये मरेपर्यंत इथेच राहिले. आज १० डॉलरमध्ये आपण जे बघतो ते या माणसामुळे शिल्लक आहे, मुलांना हे जरूर सांगा. घरात १९१४ पासून हॉटेल आहे. खोली हवी असेल तर कित्येक महिने आधी नोंदवावी लागते.

घराच्या मागच्या चढावर सेनेका लोकांचं जुनं लाकडी सभागृह आणून उभं केलंय आणि तिथेच मेरी जेमिसनची समाधी व पुतळा आहे. १७५०च्या दशकातल्या लढायांत ही मुलगी पळवली गेली, सेनेकांनी तिला घरात घेतलं, आणि पुढे परत जायची संधी मिळूनही ती त्यांच्यातच राहिली. पंधरा मिनिटं पुरतात, बहुतेक लोक तिकडे फिरकत नाहीत, त्यामुळे शांतताही मिळते.

इन्स्पिरेशन पॉइंट आणि कड्याची गोष्ट

लेचवर्थचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो इथून काढलेला असतो: समोर मधला धबधबा, त्यामागे वरचा, त्यावर पुलाची कमान. इथून तुम्ही नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे साधारण दक्षिणेकडे बघत असता. दुपारी सूर्य समोर येतो आणि फोटो काळपट होतात. सकाळी आधी इथे यायला सांगण्याचं हेही एक कारण. पाण्याचे दिवस असतील तर जवळच इन्स्पिरेशन फॉल्सची बारीक धार कड्यावरून उतरताना दिसते. एकूण उतार ३५० फुटांचा, पण पाणी इतकं कमी की उन्हाळ्यात ती आटते.

कड्यापासून लांब राहा असं प्रत्येक पाटीवर लिहिलेलं आहे. इथे ते का गांभीर्याने घ्यायचं ते सांगते. हे खडक समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखल-वाळूचे आहेत, साधारण ३८ कोटी वर्षांपूर्वीचे. चिखलाचा झाला शेल, म्हणजे पापुद्र्यांचा भुसभुशीत दगड, आणि वाळूचा झाला कठीण वालुकाश्म. हिमयुगात बर्फाने नदीची जुनी वाट बुजवली, बर्फ मागे हटल्यावर नदीने नवी वाट या थरांतून कापली. म्हणून दरी इतकी अरुंद आणि कडे इतके उभे आहेत. नदीचं काम अजून चालूच आहे. खालचा शेल आधी झिजतो, वरचा कठीण थर पुढे छज्जासारखा लोंबत राहतो. वरून बघणाऱ्याला हिरवं गवत दिसतं, त्याखाली दगड असेलच याची खात्री नाही. इथे माणसं पडून दगावलेली आहेत. कठडा ओलांडून सेल्फी नाही, मुलांचा हात सोडायचा नाही, आणि कड्यावरून खाली दगड टाकायचा नाही, कारण खाली पायवाट असते, राफ्टवाले असतात.

आपल्याला सह्याद्रीची सवय, धबधबा म्हटला की खाली जाऊन भिजायचंच. इथे नदीत उतरायला बंदी आहे. पोहायचं तर पार्कातल्या पोहण्याच्या तलावात. ड्रोनलाही परवानगी नाही.

खालचा धबधबा: पायऱ्या उतरायच्या की नाही

लोअर फॉल्सच्या वाहनतळापासून जंगलातून वाट जाते आणि मग दगडी पायऱ्या लागतात, सव्वाशेच्या आसपास. उतरताना काही वाटत नाही, येताना दम लागतो. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना वरच थांबवा. वर सावलीत बसायला जागा आहे. ज्यांना झेपतं त्यांनी मात्र हा भाग अजिबात चुकवू नये. धबधबा तिघांत बुटका, पण तुम्ही दरीच्या वरून न बघता दरीच्या तळाशी उभे असता आणि कडे दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेले असतात.

खाली पोहोचल्यावर आधी प्रवाहाच्या वरच्या अंगाला धबधब्याकडे जा, मग परत फिरून दगडी पुलाकडे. या पुलापाशी रुंद नदी एका चिंचोळ्या सांदीत शिरते. पुलाच्या मधोमध वाका आणि खाली बघा. पाणी पृष्ठभागावर जवळजवळ गुळगुळीत असतं, पण फेसाचा एखादा ठिपका नजरेने धरलात की तो केवढ्या वेगाने पुलाखालून निघून जातो ते कळतं. कडांवर शेलचे पापुद्रे पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक रचलेले दिसतात, त्यांच्यातून पाणी झिरपत असतं, आणि त्या ओलीवर शेवाळ आणि नेचे उगवलेले असतात. पार्काच्या आत नदी पायी ओलांडायची जागा ही एवढीच. या सगळ्याला तासभर ते दीड तास द्या. पावसानंतर किंवा थंडीत पायऱ्या बंद असू शकतात.

दुपार, आणि उत्तरेकडची गाडीवाट

इथवर दोन वाजलेले असतील. जेवा. मुलं असतील तर हम्फ्री नेचर सेंटरमध्ये अर्धा तास जातो. त्याच परिसरात स्वमग्न मुलांचा विचार करून आखलेली एक मैलाची पायवाट २०२१ मध्ये सुरू झाली. हात लावायच्या, ऐकायच्या, डोलायच्या गोष्टी वाटेत ठेवल्या आहेत. गोंगाटाने बिथरणारं मूल बरोबर असेल तर सकाळऐवजी इथेच निवांत वेळ घालवा.

मग गाडीने उत्तरेला. रस्ता दरीच्या पश्चिम कड्याने जातो, त्यामुळे पॉइंटवरून तुम्ही पूर्वेकडे बघता आणि दुपारनंतर समोरच्या भिंतीवर ऊन पडतं. सकाळी हेच पॉइंट फिके दिसतात. सगळीकडे थांबू नका, दोन-तीन पॉइंटनंतर डोळे थकतात. माझ्या मते ग्रेट बेंड चुकवू नये. तिथे नदी मोठा वळसा घेते आणि कड्यांची पूर्ण उंची एका नजरेत येते. त्यापुढे आर्चरी फील्ड. वेळ उरला तर वुल्फ क्रीक, जिथे एक ओढा छोट्या छोट्या उड्या घेत दरीत उतरतो. शेवटी हॉग्सबॅक, तिथून नदीचा दुमडलेला रस्ता आणि मधला अरुंद डोंगरकणा दिसतो. हवेत तरंगणारे मोठे काळे पक्षी बहुधा टर्की व्हल्चर, म्हणजे गिधाडं. डोकं पांढरं दिसलं तर दुर्बीण काढा, बाल्ड ईगल असू शकतो.

या सगळ्या पॉइंटना गाडीतून उतरून फार चालावं लागत नाही, म्हणून सकाळी पायऱ्या टाळलेल्या ज्येष्ठांना दुपार पूर्णपणे उपभोगता येते. उलट, तुमच्या गटात चालणारे तरुण असतील तर त्यांना गॉर्ज ट्रेलवर सोडा. कड्याकडेने जाणारी ही सात मैलांची वाट आहे, सगळी करायची गरज नाही. एका पॉइंटवर सोडायचं, पुढच्यावर घ्यायचं. वेळ पक्की ठरवून, कारण फोन लागणार नाही.

उत्तर टोकाला माउंट मॉरिस धरण आहे, १९४८ ते १९५२ मध्ये बांधलेलं. मागे जलाशय शोधाल तर एरवी सापडणार नाही. हे धरण फक्त पूर अडवण्यासाठी आहे, बाकी वर्षभर नदी त्यातून वाहत राहते. १९७२ मध्ये अॅग्नेस वादळाच्या पावसाने दरी जवळजवळ काठोकाठ भरली आणि खालचं रॉचेस्टर शहर वाचलं. धरण बघायचं केंद्र नदीपलीकडे, पार्काच्या रस्त्यावर नव्हे, तेव्हा अंधार पडायच्या आत पोहोचणं जमत असेल तरच तिकडे वळा.

माउंट मॉरिसच्या दाराने बाहेर पडलात की ३९० नंबरचा हायवे जवळच आहे. रॉचेस्टरला मुक्काम असेल तर आणखी एक करा: हीच जेनेसी पुढे त्या शहराच्या ऐन मध्यात हाय फॉल्सवरून ९६ फूट खाली उडी घेते आणि मग ओंटारिओ सरोवराला मिळते. समोरच्या पादचारी पुलावरून तो धबधबा दिसतो. मुक्कामाच्या जागेपासून किती लांब ते तेवढं आधी बघून ठेवा.